पांढऱ्या कोटांची ऑर्डर

गिऱ्हाईकाच्या अंगातलं व्यंग तोंडानं बोलायचं नाही, हा आमच्या दुकानाचा वडिलांपासूनचा नियम. कुणाचा एक खांदा उतरलेला असतो, कुणाला पोक असतं, कुणाचं पोट पट्ट्याला जुमानत नाही. माझा धाकटा भाऊ माप घेताना आकडे मोठ्यानं सांगायचा आणि असं काही आढळलं की हातातला खडू टेबलावर दोनदा आपटायचा. मी काय ते समजून जायची. मग कुठे आतून पट्टी भर, कुठे शिवण जराशी पुढे घे, असं करून तो ते कापडात झाकून टाकायचा. गिऱ्हाईक आरशात बघायचं आणि खूश होऊन जायचं. या नियमानंच माझ्या भावाचं वाटोळं केलं, असं मी म्हणते. भावजय म्हणते, "ताई, दुकानाला कशाला बोल लावता? ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं नाही." तिचंही खरंच आहे.

दुकान म्हणजे आम्ही तिघंच. भाऊ कापणार, भावजय मशीनवर बसणार आणि काज-बटणं माझ्याकडे. लोक भावाला मास्तर म्हणतात. मलाही काहीतरी म्हणत असतीलच, पण तोंडावर म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

मास्तरला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि पुढे सलाईनमधून औषध द्यायचं ठरलं. आम्ही गावातल्या कॅन्सर सेंटरमध्ये मोठ्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. भावजय मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. तिला वाटलं आता हा विचारणार, मी जगेन ना? त्यानं विचारलं, "साहेब, हाताला काही होणार नाही ना?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "या औषधानं बोटांना मुंग्या येतात. जास्त झालं तर डोस कमी करायचा असतो. आम्ही लक्ष ठेवतो, मास्तर. काळजी करू नका."

'आम्ही लक्ष ठेवतो.' हे तीन शब्द आठवले की आजही माझं डोकं फिरतं.

आता यांनी लक्ष कसं ठेवलं ते ऐका. पहिल्या दिवशी भावाची उंची मोजली, त्याला काट्यावर उभं केलं, आणि त्या दोन आकड्यांवरून औषध किती द्यायचं ते ठरवलं. वजन बदललं की औषधही बदलायचं असतं, हे तेव्हा डॉक्टरांनीच आम्हाला समजावून सांगितलं. पुढच्या वेळेला गेलो तर काटा बिघडलेला. त्याच्या पुढच्या वेळेला त्याच काट्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. जागा मोकळी दिसली म्हणून कुणीतरी ठेवली असेल. मग ती तिथलीच होऊन गेली.

औषध द्यायचा एक लांबलचक हॉल होता. दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस, प्रत्येकाच्या डोक्यावर लटकणारी पिशवी, आणि या सगळ्यांना मिळून एक नर्स. पोरगी वाईट नव्हती. उलट गोडच होती. पण दहा हात असते तरी पुरले नसते तिला. नाव लक्षात ठेवायला वेळ कुठला? खुर्चीवरून ओळखायची. आमचा मास्तर खिडकीवाला. सुई टोचता टोचता ती विचारायची, "खिडकीवाले काका, वजन?" हा पहिल्या दिवसाचाच आकडा सांगायचा. ती लिहायची. "काही त्रास?" हा म्हणायचा, "नाही." ती तेही लिहायची आणि पुढच्या खुर्चीकडे पळायची.

त्रास नाही कसा? दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासूनच त्याला थंड वस्तू हातात धरवेना. आमची कात्री पोलादाची, वडिलांच्या हातची. सकाळी ती उचलली की शॉक बसल्यासारखा हात झटकायचा. मग त्यानं कात्रीच्या दोन्ही कड्यांना जुन्या फ्लॅनेलच्या चिंध्या गुंडाळल्या. मी म्हटलं, "अरे, हे डॉक्टरांना सांग."

"सांगतो."

"कधी? मेल्यावर?"

"ताई, तू ना, काज करताना तोंडालाही दोन टाके घालत जा."

वजनाचंही तसंच. तो उतरत चालला होता. आणि इथे माझ्या भावजयीनं जे केलं ते फक्त शिंप्याच्या घरातच होऊ शकतं. तो औषध घ्यायला गेला की ती त्याचे शर्ट काढून बाजूच्या शिवणी उसवायची, आत घ्यायची, पुन्हा टीप मारायची. पँटच्या कमरेला नकळत चुण्या घालायची. खांद्यात कापडाच्या दोन घड्या भरायची, त्यानंच तिला शिकवलेल्या. शिंप्याला आपण बारीक झालो हे आरशाच्या आधी कपडा सांगतो, म्हणून ती कपड्याला बोलू देत नव्हती. प्रेमापोटी करत होती, तिला कोण काय म्हणणार! काम इतकं बेमालूम की रोज समोर बसूनही मला त्याची हाडं दिसली नाहीत. मग खुर्च्यांच्या रांगेतून धावणाऱ्या त्या पोरीला कुठून दिसणार?

त्याला मात्र ठाऊक होतं. एकदा मी खडसावलं, "नर्सला खरं वजन सांगत जा."

"कमी झालंय म्हटलं तर म्हणतील अंगात ताकद नाही, औषध बंद करा. मग काय करू?" आणि मग हसून म्हणाला, "शिवाय मला तरी खरं कुठे माहीत? काट्यावर कुंडी बसलीय."

मी हसले. हसण्यासारखंच बोलायचा तो.

याच सुमाराला सेंटरमध्ये मानांकनाचं वारं शिरलं. कॅन्सरचे उपचार नीट नियमानं होतात की नाही हे बघायला बाहेरून तपासणीचं पथक येतं आणि सगळं ठीक असेल तर सर्टिफिकेट देतं, हे आम्हाला तिथल्या मॅनेजरनं सांगितलं. बगलेत सतत फाईल, म्हणून मी त्याचं नाव फाईलवाला ठेवलं होतं. फाईलवाला भावाच्या खुर्चीजवळ येऊन बसला. याआधी तो कधी कुणाजवळ बसलेला मी पाहिला नव्हता.

"मास्तर, तुम्ही टेलर ना? आपल्या सगळ्या स्टाफला नवीन पांढरे कोट हवेत. पथक यायच्या आत. घरच्याच माणसाला काम द्यावं म्हटलं."

भावाच्या चेहऱ्यावर असं हसू मी किती दिवसांनी पाहिलं. आजारी पडल्यापासून त्याला सगळे सांत्वनच देत होते, काम कुणी दिलं नव्हतं. मी म्हटलं, "तुला झेपणार नाही." तो म्हणाला, "कापायला बसूनही येतं."

झालं. ज्या दिवशी त्याला औषध नसायचं त्या दिवशी आम्ही टेप आणि खडू घेऊन सेंटरमध्ये. एका रिकाम्या खोलीत टेबल टाकून दिलं आणि एकेक जण आत येऊ लागला. नर्स आली, वॉर्डबॉय आले, औषधं मिसळणारे आले, फाईलवाला स्वतः आला आणि पोट आत ओढून उभा राहिला. भाऊ प्रत्येकाभोवती फिरून छाती, कंबर, खांदा, बाही, मनगट, सगळं दोन-दोनदा मोजत होता. माझं काम आकडे टिपायचं, पण टिपता टिपता माझ्या मनात एकच येत होतं. या इमारतीतल्या एकूण एक माणसाला यानं इंच-इंच मोजलं, आणि यांच्यातल्या एकालाही याला काट्यावर उभं करायला फुरसत नाही.

शेवटी मोठे डॉक्टर आले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. भावानं खांदे मोजले, पुन्हा मोजले आणि खडू टेबलावर दोनदा आपटला. मी बघितलं. डावा खांदा चांगलाच उतरलेला.

"काय झालं मास्तर?"

"काही नाही साहेब. खडू तुटला की काय बघत होतो."

कोट वेळेत झाले. कसे झाले ते आमचं आम्हाला ठाऊक. कापताना तो मधेच थांबायचा, बोटं काखेत धरून ऊब द्यायचा, पुन्हा कापायचा. डॉक्टरांच्या कोटाच्या डाव्या खांद्यात त्यानं कॅनव्हासची पट्टी अशी काही बसवली की मी हात फिरवून बघितला तरी कड लागेना.

पथक आलं त्या दिवशी सेंटर ओळखू येत नव्हतं. पडदे नवे. जागोजागी हात धुवायच्या सूचना. हॉलमध्ये एका नर्सच्या चार नर्स झालेल्या, दुसऱ्या विभागांतून उसन्या आणलेल्या, सगळ्या आमच्या कोटात. आणि कुंडी गायब! तिच्या जागी कोरा करकरीत काटा, कडेला प्लास्टिक अजून चिकटलेलं.

फाईलवाल्यानं सकाळीच खुर्च्यांमधून फेरी मारली होती. "कुणी काही विचारलं तर घाबरायचं नाही हं. इथं सगळं वेळच्या वेळी होतं, एवढंच सांगायचं. आपलं सेंटर मोठं झालं तर तुमचाच फायदा आहे." आमच्या खुर्चीपाशी आल्यावर त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. घड्यांवर पडला असेल तो.

त्या दिवशी भावाला पहिल्यांदा कुणीतरी त्याचं पूर्ण नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिली. औषधाची पिशवी एकीनं वाचली, दुसरीनं ती पुन्हा स्वतंत्र वाचली. मी बघतच राहिले. इतकं सोपं होतं हे. एवढंच करायचं होतं यांना, रोज.

पथकातली एक बाई फिरत फिरत आमच्यापाशी आली. वयानं माझ्याएवढी, कमी बोलणारी. तिच्यासमोर आमच्या नर्सनं भावाला काट्यावर उभं केलं, आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. त्या बाईनं फाईलमध्ये पाहिलं.

"मागच्या वेळचं वजन बरंच जास्त आहे. एवढा फरक कसा?"

हॉलमध्ये कुणी हललं नाही. फाईलवाल्याचा चेहरा पडला होता, आणि त्याच्यामागे मोठे डॉक्टर आमच्या कोटात उभे होते. मी मनात म्हटलं, बोल. आता बोल रे बाबा. तुझ्या हातांसाठी बोल.

भावानं सगळ्यांकडे एकवार बघितलं. उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर हलकेच दोनदा वाजली. आणि तो हसला.

"मॅडम, मी टेलर आहे. मागच्या वेळी खिशात कात्री होती. वरून स्वेटर."

सगळे हसले. हॉलनं सुटकेचा निःश्वास सोडला. त्या बाई हसल्या नाहीत.

"दर वेळी तुम्हाला काट्यावर उभं करतात?"

"करतात."

"हातापायांच्या मुंग्यांबद्दल विचारतात?"

"विचारतात."

त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"बहीण," मी म्हटलं. "आणि मी सांगते—"

"तिला काय माहीत?" भाऊ मधेच म्हणाला. "ती रोज नसते बरोबर. वर तिची जीभ भारी तिखट, मॅडम. तुमच्या कोटालाही नावं ठेवील."

पुन्हा हशा. ठरलेलं औषध, जुन्या वजनाचं, पिशवीतून त्याच्या हातात उतरू लागलं. त्या बाई पुढच्या खुर्चीकडे गेल्या आणि मी संतापानं बाहेर जिन्यात येऊन बसले. घरी आल्यावर मी त्याला नाही नाही ते बोलले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "चारचौघांत कसं सांगायचं ताई? त्या पोरीची नोकरी गेली असती. डॉक्टरांची मान खाली गेली असती. उद्या त्याच खुर्चीत जाऊन बसायचंय मला."

"आणि तुझे हात?"

"ते आहेत की," असं म्हणून त्यानं ते पुढे धरले.

पुढच्या वेळी गेलो तर हॉलमध्ये पुन्हा एकच नर्स. काटा भिंतीला उभा लावलेला, त्याच्या जागी कुंडी परत. "खिडकीवाले काका, वजन?" भावानं पहिल्या दिवसाचा आकडा सांगितला. पोरीनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं. तिला आठवलं असणार. पण मागून कुणीतरी ओरडत होतं, सलाईन संपलं म्हणून. तिनं आकडा लिहिला.

मानांकन मिळालं. सोनेरी चौकटीतलं सर्टिफिकेट दर्शनी भिंतीवर लागलं, शेजारी सगळ्या स्टाफचा फोटो, पांढऱ्या कोटांत.

औषधाचा कोर्स संपत आला होता तेव्हाची गोष्ट. भाऊ इस्त्री करत होता. भावजय मशीनवर, मी काज करतेय. भावजयीनं एकदम मान वर केली. "अहो, कापड जळतंय." त्यानं इस्त्री उचलली. कापड ठीक होतं. वास येतच होता. मग आम्ही बघितलं, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं इस्त्रीच्या तव्याला टेकलेली होती आणि तो आमच्याकडे बघून विचारत होता, "कुठं जळतंय?"

भावजय किंचाळली. तो मात्र बोटांकडे असा बघत होता जणू ती दुसऱ्याच कुणाची आहेत.

त्यानंतर मी कुणाचं ऐकलं नाही. त्याला घेऊन दुसऱ्या शहरातल्या कॅन्सर सेंटरला गेलो. आत पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर तेच सर्टिफिकेट. तीच सोनेरी कड, तोच शिक्का. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चला परत," मी म्हटलं. "हाही त्याच माळेतला मणी." भावजयीनं माझा हात धरून बसवलं.

आत एक नर्स होती, चेहऱ्यानं रुक्ष, गोड बोलणं नाही, काही नाही. तिनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. भावानं सवयीनं वजन सांगून टाकलं.

"मी विचारलं का?" ती म्हणाली. "चपला काढा. काट्यावर या. सांगितलेलं वजन आम्ही लिहीत नाही."

"का?" मी विचारलं. मला भांडायचंच होतं.

"पेशंट जास्तच सांगतात. औषध बंद होईल म्हणून घाबरतात. त्यासाठीच तर काटा आहे." आणि मग भावाच्या शर्टाकडे बोट दाखवून म्हणाली, "हाही काढा. खांद्यात काहीतरी भरलंय."

भावजयीनं खाली बघितलं. शर्ट निघाला तेव्हा माझा भाऊ केवढा उरलाय ते मी पहिल्यांदा पाहिलं. मला तिथे रडू फुटलं, आणि मी सहसा रडत नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला शर्ट परत घालायला दिला आणि सांगितलं, "डोळे मिटा. आता बटणं लावा."

साधं शर्टाचं बटण. यानं आयुष्यात किती शर्ट शिवले असतील. डोळे मिटून तो बोटांनी बटण शोधत होता, काज शोधत होता. बटण बोटांत आलं तरी त्याला कळत नव्हतं, सोडून द्यायचा आणि पुन्हा शोधायचा. भावजयीचा हात आपसूक पुढे गेला. डॉक्टरीणबाईंनी मानेनंच तिला थांबवलं. एकही बटण लागलं नाही. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "काज जरा घट्ट आहे." ते काज मी केलेलं होतं. घट्ट नव्हतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सरळच सांगितलं, आडपडदा न ठेवता. "मुंग्या कदाचित तशाही आल्या असत्या. पण वजन उतरल्यावर औषध कमी करायला हवं होतं. आणि ही बटणांची परीक्षा आम्ही प्रत्येक डोसच्या आधी घेतो. नाही जमलं तर ते औषध तिथंच थांबवतो. तुमचं थांबवायला हवं होतं, केव्हाच."

"आता?" भावानं विचारलं.

"थोडी संवेदना परत येईल. पूर्वीसारखे हात होतील असं मी सांगणार नाही."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. एकदम म्हणाला, "सर्टिफिकेट तेच होतं गं."

"तेच होतं," मी म्हटलं. कागदाला मी दोष देत नाही. त्या रुक्ष नर्सला कुणी बघायला आलेलं नव्हतं, तरी तिनं काटा दाखवला. कागदाचा अर्थ तेवढाच. आमच्या सेंटरनं तो घरी आलेल्या पाहुण्यांसारखा वागवला, आले की चादरी बदलायच्या, गेले की जुन्या घालायच्या.

घरी येऊन मी त्या तपासणीच्या कचेरीला फोन लावला. किती वेळा लावला ते विचारू नका. शेवटी पथकातल्या त्याच बाई फोनवर आल्या. त्यांना आठवण होती.

"कोट शिवणारे ना? मला त्या दिवशीच शंका आली होती. पण मी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलं की दर वेळी वजन करतात. तेवढ्यावर मी गप्प बसायला नको होतं, हे मान्य. पण आता तुमच्या सांगण्यावर मी काही करू शकत नाही. मी परत येते. सेंटरच्या लोकांसमोर तुमच्या भावानं स्वतः सांगायला हवं."

मी भावाला सांगितलं. तो कात्रीवरच्या चिंध्या सोडत बसला. आता थंड लागायचीही नाही ती त्याला.

बाई परत आल्या त्या दिवशी आम्ही तिघं आमच्या गावातल्या सेंटरला गेलो. दर्शनी भिंतीपाशी तो थांबला आणि स्टाफच्या फोटोकडे बघू लागला. मोठे डॉक्टर मधोमध, दोन्ही खांदे एका रेषेत. "बसलाय बरोबर," तो पुटपुटला. त्याच्या आवाजात समाधान होतं, आणि मला वाटलं संपलं. हा आजही झाकणार.

आत टेबलाच्या पलीकडे डॉक्टर, फाईलवाला आणि त्या बाई. फाईलवाल्यानं लगेच सुरुवात केली. पेशंटनं स्वतः सांगितलेलं आहे, फाईलमध्ये दर वेळचं वजन आहे, बहिणीचा स्वभाव जरा असा आहे. बाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि भावाकडे वळल्या.

"मी तेच विचारते. तुम्हाला दर वेळी काट्यावर उभं करत होते का?"

भाऊ डॉक्टरांकडे बघत होता. टेबलावर ठेवलेला त्याचा हात उठला. बोटं दोनदा वाजणार, हे मला दिसलं. ती वाजली नाहीत. त्यानं हात तसाच मांडीवर घेतला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमचा डावा खांदा उतरलेला आहे."

डॉक्टर गोंधळले. "काय?"

"उजव्यापेक्षा खाली आहे. कोटात मी पट्टी भरलीय, म्हणून दिसत नाही. गिऱ्हाईकाला असं तोंडावर सांगायचं नसतं. मी आजवर कुणाला सांगितलं नाही." तो बोलतच राहिला. "तुम्ही कधी विचारलं नाही म्हणून मीही झाकत राहिलो. माझं वजन पहिल्या दिवशी केलं आणि मॅडम आल्या त्या दिवशी केलं. मधे काट्यावर कुंडी होती. मॅडमशी मी खोटं बोललो. पण मी भ्यालेलो होतो, साहेब. तुम्हाला कशाची भीती होती? मी फक्त हातांचं विचारलं होतं."

डॉक्टरांचा हात नकळत डाव्या खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी हातांचं विचारलं तर त्यानं जळलेली बोटं पुढे केली. मग भावजयीनं त्यांना विचारलं, "आता याचं काय होणार?" त्या म्हणाल्या, फेरतपासणी होईल, या वेळी न सांगता. सर्टिफिकेट राहील की जाईल हे त्यानंतर ठरेल. सोनेरी चौकट अजून भिंतीवर आहे.

बाहेरच्या दाराशी वाऱ्याची झुळूक आली. भावाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. त्यानं ते लावायला घेतलं. भावजय पुढे झाली, त्यानं कोपरानं तिला बाजूला केलं. बटण बोटांतून निसटत होतं. तो मान खाली घालून डोळ्यांनी बघत बघत ते काजापर्यंत आणायचा आणि तिथे ते पुन्हा सुटायचं. दारात गर्दी झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, सरका ना जरा."

"थांबा," मी म्हटलं. "बटण लावतोय माझा भाऊ."